मागितलं दीड, उघडलं दीड

“दीडच टाकलं व्हतं मी, मॅडम,” विश्रामभाऊ गांगुर्डे तिसऱ्यांदा म्हणाले. “एक, टिंब, पाच. आन् मग हिरवं बटन.”

“दीड फूट?”

“फूटच की. गेटाला दुसरं काय असतं?”

कालव्याच्या गेटाच्या चौकीत आम्ही दोघंच होतो. वर पत्रा, बाहेर एप्रिलची दुपार, आणि भिंतीवर आमच्या कंपनीने महिन्यापूर्वी बसवलेलं पॅनेल. त्याच्या स्क्रीनवर ‘गेट किती फूट उघडायचे?’ असं मराठीत लिहिलेलं होतं. ते वाक्य मीच लिहिलं होतं. खिडकीतून चारी दिसत होती. कालव्यातून करंजओहळ गावाकडे जाणारा हा फाटा. तिची डावी कड वीस-पंचवीस फूट फुटून शेतात पसरली होती. पाणी ओसरलं होतं, चिखल वाळायला लागला होता आणि त्यात एक लाल काठाची गोधडी अर्धी गाडली गेली होती. ती अजून कुणी उचलली नव्हती.

“मग पुढे काय केलंत?”

“पुढं काय, सायकल घेतली आन् चारीच्या शेपटाला गेलो. पाणी पोचलं का बघायचं असतं ना. तीस वर्षं तेच करतोय. तिकडं पाणी आलं ते असं आलं...” त्यांनी हात छातीपर्यंत नेला. “मी उलटा पळत आलो. रस्त्याच्या मोरीपाशी मान्सं जमलेली. मथुराबाईला वर काढलं व्हतं.”

साठीला टेकलेला, काटक चौकीदार. खाकी पँट, वर बनियन, खांद्यावर टॉवेल. टॉवेलाने त्यांनी स्क्रीनवरची धूळ पुसली. गरज नव्हती तरी पुसली.

“ती धुणं धुवायला बसली व्हती. आवर्तनाच्या पहिल्या पाण्यात बाया गोधड्या धुतात. मला ठावं असतं. म्हणून तर पहिल्या दिशी दीडच सोडायचं.”

मी त्या वेळी चौतीस वर्षांची होते. नाशिकला सातपूरच्या एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचे. आमची कंपनी कालव्यांच्या गेटांना मोटर आणि कंट्रोल पॅनेल बसवून देई. करंजओहळच्या पाणीवापर संस्थेचं काम म्हणजे आमचं पहिलं मोठं काम. पाच जणांनी सुरू केलेलं. दिवाळीनंतर दोघं सोडून गेले, एकाला दुसऱ्या कामावर नेलं. उरलो मी आणि श्रीरंग. सहा महिने मी रविवारसुद्धा ऑफिसात काढले होते. त्या दुपारी चौकीत उभी असताना मला खरं तर फक्त कुठेतरी बसायचं होतं. विश्रामभाऊंनी ते ओळखलं असावं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि माठातलं पाणी दिलं.

“बाई कशा आहेत?” मी विचारलं.

“खुब्याचं हाड मोडलंय. नाशिकला सिव्हिलला हायेत. जिवंत हाये, एवढंच.”

मी पॅनेलमधली नोंद कागदावर उतरवून घेतली. पॅनेल प्रत्येक हुकमाची एक ओळ लिहून ठेवी. किती मागितलं, किती उघडलं, मोटर कधी सुरू झाली, कधी थांबली. गेट उघडल्याची त्या सकाळची एकच ओळ होती. मागितलं : १.५. उघडलं : १.५. सुरुवात : सात वाजून चौदा मिनिटं. शेवट : सात वाजून एकोणतीस.

“बरोबर आहे ना?” माझ्या खांद्यावरून बघत विश्रामभाऊ म्हणाले. “दीड मागितलं, दीड उघडलं.”

“हो. बरोबर दिसतंय.”

“मग एवढं पाणी आलं कुठून?”

नाशिकच्या एसटीत बसल्यावर तो कागद मी परत काढला. पहिले दोन रकाने मी एव्हाना दहा वेळा वाचले होते. तिसऱ्या-चौथ्याकडे तेव्हा नीट पाहिलं. चौदा ते एकोणतीस. पंधरा मिनिटं. मोटर बसवली त्या दिवशी मी तिथे घड्याळ घेऊन उभी होते. गेट एक फूट वर जायला तीन मिनिटं घेत होतं. दीड फुटाला साडेचार मिनिटं लागायला हवीत.

पंधरा मिनिटांत गेट पाच फूट वर जातं. दीड मीटर म्हणजे जवळपास पाच फूट.

कंडक्टरने तिकीट मागितलं तेव्हा मी त्याच्या हातात तो कागदच दिला.

*

आता थोडं कामातलं सांगावं लागेल.

संगणकाला आकडे कळतात. उंची कळत नाही, वजन कळत नाही, फूट कळत नाही. ते आपल्याला शिकवावं लागतं. आम्ही ‘उंची’ नावाचा आमचा एक प्रकार तयार केला होता. अशा प्रकारची नवी वस्तू ज्या कोडमधून जन्माला येते त्याला कन्स्ट्रक्टर म्हणतात. माझा कन्स्ट्रक्टर एक आकडा घ्यायचा, तो मीटर आहे असं धरायचा आणि त्याची उंची करून द्यायचा. फुटांसाठी मी वेगळा प्रकार लिहिला होता. तो आधी मीटरमध्ये बदल करी आणि मग उंची बनवी. दोन वाटा, दोन्ही साध्या.

पण आम्ही ज्या भाषेत लिहायचो त्या सी प्लस प्लसची एक खोड आहे. एका आकड्यापासून उंची बनवता येते हे तिला एकदा कळलं की जिथे उंची हवी तिथे तुम्ही नुसता आकडा दिला तरी ती हू की चू करत नाही. आपण होऊन कन्स्ट्रक्टरला बोलावते आणि उंची करून पुढे पाठवते. तो आकडा फुटांचा होता की मीटरचा, हे ती विचारत नाही. तिने विचारावं असं वाटत असेल तर कन्स्ट्रक्टरच्या आधी एक शब्द लिहायचा : एक्स्प्लिसिट. म्हणजे ‘मी स्पष्ट सांगितल्याशिवाय बदलू नकोस.’ तो शब्द असला की नुसता आकडा दिल्याबरोबर कोडचा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर अडून बसतो, एरर येते.

मी तो शब्द लिहिला होता. फेब्रुवारीत मी स्वतः लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात कुणी यायच्या आधी मी जुन्या नोंदी उघडल्या. प्रत्येक बदल कुणी आणि कधी केला याची नोंद आम्ही ठेवायचो. आठ मार्च. त्या दिवशी श्रीरंगने त्याच्या स्क्रीनचा सगळा भाग माझ्या भागाला जोडला होता आणि एकदम त्रेचाळीस एरर आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी करंजओहळहून संस्थेची माणसं प्रात्यक्षिक बघायला येणार होती. श्रीरंग डोकं धरून बसला होता. मला ते आठवत होतं.

“वृंदा, हे सगळे मीटरच आहेत गं,” तो म्हणाला होता. “कंपायलर उगाच भांडतोय.”

मी पहिल्या पाच-सहा जागा बघितल्या होत्या. मीटरच होते. नियम असा होता की त्रेचाळीसही जागी जाऊन, हा आकडा कसला आहे ते बघून, हाताने लिहायचं. अर्ध्या दिवसाचं काम. मी तो एक शब्द काढून टाकला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस एरर गेल्या. श्रीरंगने टाळी वाजवली. आम्ही खाली जाऊन चहा प्यायलो. नंतर परत लावू असं मी त्याला सांगितलंही होतं.

त्या सकाळी मी त्रेचाळीस जागा एकेक करून तपासल्या. एकेचाळीस मीटरच्या होत्या. दोन फुटांच्या. त्यातली एक होती चौकीदाराने हाताने आकडा टाकायची जागा. पॅनेल बसल्यापासून कालव्याला पाणी त्या दिवशीच पहिल्यांदा सुटलं होतं, म्हणून ती तोवर कुणी वापरलेली नव्हती. ‘गेट किती फूट उघडायचे?’ या प्रश्नाचं उत्तर तिथून थेट, नुसता आकडा म्हणून, माझ्या कन्स्ट्रक्टरकडे जात होतं. कमाल मर्यादा आम्ही १.६ ठेवली होती, मीटर. १.५ त्याच्या आत बसत होता. म्हणून तिथेही अडलं नाही. आणि गेट किती उघडलं हे मोजणारा सेन्सर मीटर सांगत होता, म्हणून दोन्ही रकान्यांत १.५. सगळं जुळलेलं.

बदलाच्या नोंदीत नाव माझं होतं. तारीख, वेळ, आणि बदलाचं कारण म्हणून मी लिहिलेले दोन शब्द : ‘किरकोळ दुरुस्ती’.

*

पोतनीस सर आमचे मालक. दुष्ट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांनी मला तीन आठवडे एकही प्रश्न न विचारता घरी राहू दिलं होतं. मी त्यांच्यापुढे तो कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. दोनदा चष्मा काढला, दोनदा घातला.

“श्रीरंगला माहीत आहे?”

“नाही.”

“गेटाला हाताने फिरवायचं जुनं चाक अजून आहे ना?”

“आहे. वीज गेली तर लागतं म्हणून ठेवलंय.”

“किल्ली कुणाकडे असते?”

मला प्रश्नाचा रोख कळला. किल्ली विश्रामभाऊंकडे असे. त्यांना ते माहीतच होतं.

“संस्थेने अहवाल मागितलाय,” ते म्हणाले. “अहवालात खोटं काही लिहायचं नाही. मागितलं दीड, उघडलं दीड. हे पॅनेलच सांगतंय. त्यानंतर कुणी चाक फिरवलं असेल तर त्याची नोंद पॅनेलमध्ये होत नाही. हेही खरंच आहे.”

“सर, वेळ...”

“वेळेचे रकाने कशाला? त्यांना काय कळणार त्यातलं? उगीच गोंधळ होईल.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “वृंदा, अठ्ठावीस माणसं आहेत इथे. आणि त्या बाईंचा इलाज आपण बघू, मी तुला शब्द देतो. तू आत्ता सॉफ्टवेअर दुरुस्त कर. ते जास्त महत्त्वाचं आहे. पुन्हा कुणाला काही होता कामा नये.”

त्यांचं शेवटचं वाक्य मी धरून बसले. दुरुस्ती जास्त महत्त्वाची. मी शब्द परत लावला, त्रेचाळीस जागा सुधारल्या, प्रत्येक चाचणी तीन-तीनदा केली. करंजओहळला फोन करून, तपासणीचं कारण देऊन पॅनेल बंद ठेवायला आणि तोवर चाकाने गेट चालवायला सांगितलं. अहवाल दीड पानाचा झाला. ‘यंत्रणेने दिलेल्या आज्ञेची अचूक अंमलबजावणी केली असून कोणताही तांत्रिक बिघाड आढळला नाही.’ खाली माझी सही. वाक्य इतकं सरळ होतं की सही करताना हात थरथरला वगैरे नाही. मला झोप येत होती. घरी जाऊन मी अकरा तास झोपले.

मे गेला, जून गेला. मी कामावर जायचे, यायचे. संस्थेने विश्रामभाऊंना घरी बसवलं हे श्रीरंगकडून कळलं. त्याला संस्थेच्या कारकुनाने फोनवर सांगितलं होतं.

“म्हातारा चाक फिरवून विसरला,” श्रीरंग म्हणाला. “तीस वर्षांची सवय ना. वाईट वाटतं.”

“हो,” मी म्हणाले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर पॅनेलमध्ये भरायला कुणीतरी जायचं होतं. श्रीरंग तयार होता. मी म्हटलं मी जाते.

*

चौकीत नवा माणूस होता. पॅनेलवर त्याने गुलाबी प्लॅस्टिक बांधून ठेवलं होतं. तासाभरात माझं काम आटपलं. दीड टाकून बघितलं. साडेचार मिनिटांत मोटर थांबली. मी खाली उतरून टेपने मोजलं. दीड फूट.

“विश्रामभाऊ कुठे राहतात?” मी विचारलं.

“घरी नाय सापडणार या टायमाला. मथुराबाईच्या तिथं असंल. रोजच असतो.”

“रोज?”

“सकाळ-संध्याकाळ. म्हस बघतो तिची. तिला हलता येत नाय, पोरगा तिकडं सुरतेला. ती बोलत पन नाय त्याच्याशी. हा जातो, चारा टाकतो, दूध काढतो, पानी भरतो, येतो.”

मथुराबाई अहिऱ्यांचं घर चारीच्या पलीकडे, शेवटचं. पुढे पत्र्याचा गोठा, अंगणात निंबाचं झाड, ओटीवर बाज. बाजेवर सत्तरीची एक बाई उशाला टेकून अर्धवट बसली होती. तिच्या बाजूला भिंतीशी वॉकर उभा होता, नवा कोरा, कागद अजून न काढलेला. तो आमच्या कंपनीने पाठवलेला होता. पोतनीस सरांनी शब्द पाळला होता.

विश्रामभाऊ गोठ्यात विळ्याने कडबा तोडत होते. तीन महिन्यांत ते वाळून निम्मे झाले होते. मला बघून उठले, टॉवेल झटकला.

“मॅडम? तुमी? बसा की. पानी घ्या.”

“विश्रामभाऊ, तुमच्याशी बोलायचं होतं.”

“बोला ना.” मग माझा चेहरा बघून तेच घाईने बोलायला लागले. “माझी काय तक्रार नाय बरं का. मी लय विचार केला. पहिल्यांदा मी म्हणायचो, चाकाला हात लावला नाय. संस्थेच्या आप्पांनी ईचारलं, कमिटीनं ईचारलं, घरच्यांनी ईचारलं. सगळी म्हणायली, विश्राम, मशीन खोटं बोलंल का? मग मलाच वाटाया लागलं. तीस वरसं रोज फिरवलेलं चाक हाये. गेला असंल हात. माझ्या ध्यानात नसंल. आता तर मला दिसतंय सुद्दा.”

“काय दिसतंय?”

“मी चाक फिरवतोय, असं. डोळे मिटले की दिसतं.”

मी आजवर पुष्कळ वेळा विचार केला आहे की त्या क्षणी तो माणूस रागावला असता तर मी काय केलं असतं. कदाचित निमूट परत आले असते. पण त्यांना ते दिसत होतं. न घडलेली गोष्ट त्यांना दिसत होती, आणि ती मी दीड पानात लिहून पाठवलेली होती.

“तुम्ही चाक फिरवलं नाही,” मी म्हणाले.

“आसं कसं म्हणता?”

“तुम्ही दीड फूट टाकलंत. मशीनने ते दीड मीटर धरलं. पाच फूट. गेट मोटरनेच पाच फूट उघडलं. तुमची काही चूक नव्हती.”

“मशीननं चूक केली?”

“मशीनने नाही. मी केली. मशीनला फूट की मीटर हे विचारायला लावणारा एक शब्द होता. तो मी काढून टाकला होता. घाई होती म्हणून. आणि अहवालावर सही पण माझीच आहे. मला तेव्हाच माहीत होतं.”

विश्रामभाऊंनी हातातला विळा खाली ठेवला.

“कधीपास्नं माहीत व्हतं?”

“तुम्हाला चौकीत भेटून गेले, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.”

“म्हंजे एप्रिलपास्नं.”

“हो.”

“माझी बायको माहेराला निघून गेली व्हती मधी,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “लोक काय काय बोलायचे. पंधरा दिवसांनी आली. तिला सांगाल का तुमी? मी सांगितलं तर तिला वाटंल मीच बनवून सांगतोय.”

“सांगते. आणि संस्थेत पण सांगते. आजच.”

“आप्पा हायेत हापिसात. चार वाजेपत्तुर असतात.” त्यांनी आभाळाकडे बघून वेळेचा अंदाज घेतला. “चला मग. पर थांबा, एवढा चारा टाकतो.”

आणि त्यांनी राहिलेला कडबा तोडून म्हशीपुढे टाकला, बादलीत पाणी ओतलं, हात धुतले. मी उभी होते. ओटीवरून मथुराबाई आमच्याकडे बघत होत्या. गोठा आणि ओटी यांत दहा पावलांचं अंतर. त्यांना किती ऐकू गेलं होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

*

संस्थेचे अध्यक्ष रंगनाथ आप्पा टेबलाशी बसून सुपारी कातरत होते. समितीचे आणखी तिघं होते. मी सगळं सांगितलं. मीटर आणि फूट त्यांना लगेच कळलं, शेतकरी माणसं ती, मापाशी त्यांचा माझ्यापेक्षा जुना संबंध. वेळेचे रकाने असलेला मूळ कागद मी पर्समध्ये नेला होता. तो टेबलावर ठेवला.

“हे तुमच्या रिपोर्टात का नव्हतं?” आप्पांनी विचारलं.

“आम्ही काढून टाकलं.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“सही माझी आहे.”

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. “ताई, या माणसाला आम्ही चार लोकांत उभं केलं. मी स्वतः त्याला म्हणालो, की तुझी नजर गेली, तुझं डोकं गेलं, घरी बस. तुमच्या त्या कागदाच्या जिवावर म्हणालो.”

“हो.”

“हे लिहून द्या.”

मी तिथेच लिहून दिलं. पानभर. या वेळी वेळेचे रकाने गाळले नाहीत. विश्रामभाऊ दाराशी उभे होते. आप्पांनी त्यांना आत बोलावून खुर्चीवर बसायला सांगितलं. ते बसले नाहीत, उभ्यानेच म्हणाले, “ते माझ्या घरी सांगायचं राहिलंय अजून, आप्पा.”

त्यांच्या घरीही गेले. त्यांच्या पत्नीने दारातच ऐकून घेतलं, त्या आत गेल्या आणि आतून रडण्याचा आवाज आला. विश्रामभाऊ चपला काढून आत गेले. मी अंगणात थोडा वेळ थांबले आणि निघाले.

पुढचं थोडक्यात सांगते. संस्थेने आमचं काम काढून घेतलं. पोतनीस सरांनी मला राजीनामा द्यायला सांगितलं नाही. मी दिला, त्यांनी तो बघितला आणि खिशात ठेवला. कंपनी दोन वर्षांनी बंद पडली. ती माझ्यामुळे पडली असं श्रीरंग अजून म्हणतो, आणि ते खोटं आहे असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. तो माझ्याशी बोलत नाही. विश्रामभाऊ कामावर परत गेले आणि दीड वर्षाने रीतसर निवृत्त झाले. मी नंतर दुसऱ्या शहरात नोकरी केली, अजून करते. माझ्या हाताखालची मुलं मला कंटाळतात. कन्स्ट्रक्टर दिसला की मी विचारते, हा शब्द का नाही लावला? ती म्हणतात, मॅडम, इथे काय बिघडणार आहे? मी त्यांना हे सगळं कधी सांगितलेलं नाही. नुसतं ‘लाव’ म्हणते.

पण त्या दिवशी नाशिकची गाडी साडेसहाला होती, आणि थांबा चारीच्या पलीकडे, मथुराबाईंच्या घराच्या पुढे. जाताना मला त्या ओटीसमोरून जाणं भागच होतं. मी नजर खाली घालून चालत होते.

“ओ बाई.”

मी थांबले. मथुराबाईंनी हाताने जवळ बोलावलं. मी ओटीशी जाऊन उभी राहिले. जवळून त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा दिसत होता, फक्त सुरकुतलेला. पायावर चादर होती.

“मघा ऐकलं मी,” त्या म्हणाल्या. “पुरतं नाय ऐकलं, पर ऐकलं. विश्राम्यानं नाय केलं?”

“नाही. त्यांनी नाही केलं.”

“तीन म्हैनं तो माझी म्हस दोहतोय. मी त्याच्या हातचं पानी प्याले, दूध प्याले. येक शबुद बोलले नाय त्याच्याशी.” गोठ्यात म्हैस कडबा चावत होती. “तो मघा तुमच्यासंगं गेला तवा बी नाय बोलले. म्हटलं आल्यावर बोलू. कसं बोलायचं त्येचा इचार करतेय तवापास्नं.”

“चूक माझी होती,” मी म्हणाले. “मी तुमच्याकडे आधी यायला हवं होतं.”

“तुमचं नाव काय?”

“वृंदा.”

“वृंदा,” त्या म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या, जीभ नावाला सरावावी तसं. “पहिल्यांदा वाटायचं देवानं केलं. मंग सगळी म्हनाली विश्राम्यानं केलं. दोघान्ला शिव्या दिल्या रोज. आता नाव कळलं.”

त्यांचा आवाज रागाचा नव्हता, मायेचाही नव्हता. दमलेला होता. त्यांनी चादर पायावर नीट ओढून घेतली आणि रस्त्याकडे मान वळवली. तिकडून विश्रामभाऊ हातात दुधाची रिकामी किटली घेऊन येत होते. संध्याकाळच्या धारेची वेळ झाली होती.

“जा आता,” मथुराबाई मला म्हणाल्या. “गाडी चुकंल तुमची.”

मी अंगण ओलांडून रस्त्याला लागले. विश्रामभाऊ मला वाटेत ओलांडून गेले, मान हलवली, थांबले नाहीत. माझ्या पाठीमागे मथुराबाईंनी घसा साफ केल्याचा आवाज आला, आणि मग त्यांनी हाक मारली.

“विश्राम.”

त्यांच्या किटलीचं झाकण खाली पडून खणखणलं. मी मागे वळून बघितलं नाही.